'चाललाच आहेस तर एवढं टाक गाडीत': नव्या ट्रक ड्रायव्हरने फुकटच्या कामांना नाही कसं म्हणायचं?

गाडी दारात येते. नारळ फुटतो, लिंबू-मिरची बांधली जाते, पेढे वाटले जातात. आणि मग फोन सुरू होतात.

"पुण्याला चाललाच आहेस तर दोन पोती तांदूळ टाक." "आत्याचं कपाट आणायचंय, घरचीच गाडी आहे, भाड्याचं काय बोलायचं?" "पोरांना फाट्यावर सोड की, मागे रिकामंच आहे." "एक खोकं आहे फक्त, तिकडे माणूस येऊन घेऊन जाईल."

मागणाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही. गाडी जाणारच आहे, मग आपलं सामान गेलं तर त्याचं काय बिघडलं, असा साधा हिशोब असतो. पण ज्याने नुकतंच ट्रकचं, पिकअपचं किंवा छोट्या हत्तीचं स्टेअरिंग हातात घेतलंय, त्याची अवस्था वेगळी असते. गाडीचा हप्ता सुरू झालेला असतो, कायमची भाडी लागलेली नसतात आणि नात्यातल्या माणसाला नाही म्हणायची जीभ वळत नाही.

हा फक्त भिडस्तपणाचा प्रश्न असता तर सोडून देता आला असता. पण मालवाहू गाडीतल्या फुकटच्या मदतीमागे विमा, दंड, गाडीची जप्ती आणि कधीकधी कोर्टकचेरीही असते. मदत मागणारा एकजण असतो आणि ती अंगावर आली तर निस्तरणारा दुसराच. म्हणून कशाला हो म्हणायचं, कशाला नाही आणि ते नातं न तोडता कसं सांगायचं, हे नीट समजून घेऊया.

फुकटची फेरी कितीला पडते?

एक साधा हिशोब मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, तुम्ही तुमचे टाकून बघा.

समजा पिकअप आहे आणि कोणाचं तरी सामान आणायला जाऊन-येऊन ८० किलोमीटर जायचंय. गाडी लिटरला १२ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये लिटर धरलं, तर डिझेलचेच झाले ६०० रुपये. गाडीचा हप्ता महिन्याला १८,००० असेल आणि गाडी महिन्यातून २६ दिवस धंद्यावर असेल, तर एका दिवसाचा हप्ता पडतो साधारण ६९० रुपये. भरणं, बांधणं, उतरवणं, चहापाणी धरून अर्धा दिवस गेला, म्हणजे हप्त्याचे ३५० रुपये गेले. तुमचा स्वतःचा रोज ८०० धरला तर त्यातले ४०० गेले. एकूण १,३५० रुपये. यात टोल, टायरची झीज, ऑइल आणि विम्याचा खर्च धरलेलाच नाही.

आता मामा मोठ्या मनाने म्हणतात, "डिझेल मी टाकतो." ६०० रुपये त्यांनी दिले, तरी ७५० तुमच्या खिशातून गेले. आणि डिझेलसुद्धा मिळालं नाही अशा चार फेऱ्या महिन्यात झाल्या, तर ५,४०० रुपये. म्हणजे हप्त्याचे ३० टक्के. त्याच अर्ध्या दिवसात एखादं भाडं आलं असतं आणि ते दुसऱ्याला गेलं, तर तो तोटा वेगळाच.

उलट बाजूही खरी आहे. गाडी त्याच रस्त्याने रिकामी परत येणार आहे, वळसा नाही, थांबायचं नाही आणि ओळखीच्या घरचं धान्याचं एक पोतं आहे, तर खर्च जवळपास काहीच नाही. अशा वेळी पैशावरून नाही म्हणण्यात अर्थ नसतो. तिथे विचारायचा प्रश्न वेगळा असतो: यात जोखीम कोणाची?

माणसं बसवली तर काय होतं?

सगळ्यात जास्त वेळा मागितली जाणारी आणि सगळ्यात महागात पडणारी मदत हीच. "आमची पाच माणसं आहेत, मागे बसतील." देवदर्शन, लग्नाचं वऱ्हाड, शेतावरचे मजूर, शेवटची एसटी चुकलेली पोरं.

मालवाहू गाडी कायद्याच्या दृष्टीने माल नेण्यासाठी असते. केबिनमध्ये आरसी बुकावर जेवढी आसनं लिहिलेली आहेत तेवढीच. परमिटच्या अटी मोडून गाडी वापरली, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९२-अ खाली १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

पण खरा फटका विम्याचा असतो. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस यांना विम्याचं संरक्षण मिळालं. बाकीच्यांना नाही. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने स्पष्ट केलं की मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. काही प्रकरणांत न्यायालयं विमा कंपनीला आधी पैसे भरायला सांगतात, पण मग कंपनी ते गाडीमालकाकडून वसूल करते. म्हणजे फिरून पैसे तुमच्याकडेच येतात. घर किंवा जमीन विकूनही न फिटणारी रक्कम असू शकते ती.

हे कागदावरचं झालं. रस्त्यावरचं त्याहून भयंकर आहे. एप्रिल २०१८ मध्ये खंबाटकी बोगद्याजवळच्या वळणावर मजुरांना घेऊन जाणारा टेम्पो उलटला आणि १८ जणांचा जीव गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि त्यात बसलेले मजूर मालाखाली दबले. ऑगस्ट २०२५ मध्ये खेड तालुक्यात कुंडेश्वरच्या दर्शनाला निघालेल्या महिलांचा पिकअप दरीत कोसळला. यातली गाडी कोणी फुकट दिली होती की भाड्याने, हा मुद्दाच नाही. मागच्या हौद्यात ना सीट असते, ना बेल्ट, ना धरायला काही. गाडी कलली की माणसं बाहेर फेकली जातात किंवा मालाखाली येतात.

म्हणून इथे रेष अगदी सरळ ओढायची. हौद्यात माणूस नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही.

बंद खोक्यात काय आहे?

"कपडे आहेत रे," असं सांगून दिलेल्या खोक्यात कपडेच असतात, बहुतेक वेळा. पण नाकाबंदीत गाडी थांबली की उत्तर ड्रायव्हरला द्यावं लागतं, खोकं देणाऱ्याला नाही.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. गोव्याहून परवान्याशिवाय दारू आणणं गुन्हा आहे. दोन्हीत मालाबरोबर गाडीही जप्त होते. अमली पदार्थांचं प्रकरण तर आणखी कडक. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात आरोपीला मालाची माहिती होती असं न्यायालय आधी गृहीत धरतं. 'मला माहीत नव्हतं' हे सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर असतं. ते सिद्ध होईपर्यंत किती तारखा पडतील आणि गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात किती पावसाळे काढेल, याचा अंदाज बांधा.

माल अगदी कायदेशीर असला तरी कागद लागतात. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ५०,००० रुपयांहून जास्त किमतीचा माल नेताना ई-वे बिल लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख रुपये आहे. घरातलं वापरलेलं सामान यातून वगळलेलं आहे, त्यामुळे आत्याच्या जुन्या कपाटाला ई-वे बिल नको. पण दुकानदार मित्राने "मोबाइलचे सुटे भाग आहेत, पोचव फक्त" म्हणून दिलेला माल वेगळा. तो पकडला गेला तर कर आणि दंडाचा तिढा सुटेपर्यंत गाडी अडकते. त्याच गाडीत तुमच्या रोजच्या पार्टीचा माल असेल तर तोही अडकतो. मित्राच्या एका खोक्यापायी बांधलेली पार्टी गमावण्याची वेळ येते.

जरासं जास्त, जरासं बाहेर

गाडी भरलेली असताना "वरती टाक की, काय होतंय" हे वाक्यही ओळखीचं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोड गाडीला केंद्रीय कायद्यात २०,००० रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये ठेवलेले आहेत. जादा माल उतरवण्याचा खर्चही गाडीकडेच. लोखंडी सळया, पाइप, शिडी असं काही गाडीच्या बाहेर डोकावत असेल, तर त्यालाही वेगळा २०,००० रुपयांचा दंड कायद्यात आहे. पासिंग किती टनाचं आहे हे भाचीच्या लग्नाची भांडी टाकणाऱ्याला माहीत नसतं. तुम्हाला माहीत असतं.

आणखी एक मदत नव्या ड्रायव्हरकडे मागितली जाते: "माझा ड्रायव्हर आला नाही, मोठी गाडी तेवढी एका फेरीला घेऊन जा." सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवता येतं. त्यापुढे नाही. तुमचं लायसन्स हलक्या वाहनाचं असेल आणि दोस्तीखातर दहा चाकी घेऊन निघालात, तर अपघातात विम्याचा घोळ तुमच्या आणि मित्राच्या, दोघांच्याही गळ्यात.

गाडी शेठची असेल तर?

पगारावरच्या ड्रायव्हरची कोंडी दुहेरी असते. नातेवाईक शेठच्या गाडीत सामान टाकायला सांगतात आणि शेठ पगारात नसलेली कामं सांगतो.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. गाडी तुमची नाही, त्यामुळे ती देण्याचा अधिकारही तुमचा नाही. बिल्टीवर नसलेला माल गाडीत सापडला तर नोकरी जाते. आजकाल बहुतेक गाड्यांना जीपीएस असतो, वळसा घेतला की ऑफिसात दिसतो. "शेठला विचारा, ते हो म्हणाले तर टाकतो," एवढं म्हटलं की नव्वद टक्के वेळा विषय तिथेच संपतो.

दुसरं अवघड आहे. माल उतरवायला हमाल नसला की "तूच उतरव", गोदामावर दोन दिवस गाडी उभी राहिली तरी त्याचे पैसे नाहीत, फेरी संपवून आलात की "घरची कार जरा गॅरेजला सोडून ये." नवा माणूस आपली किंमत सिद्ध करायला हे सगळं करतो. सहा महिन्यांनी तेच त्याचं काम ठरतं.

वाहतूकदारांच्या आंदोलनांत एक घोषणा नेहमी ऐकू येते: ज्याचा माल त्याचा हमाल. भरणं-उतरवणं ही माल पाठवणाऱ्याची किंवा घेणाऱ्याची जबाबदारी, गाडीवाल्याची नव्हे, हा तिचा अर्थ. हमाली हे वेगळं काम आहे आणि त्याला वेगळी मजुरी असते, हे महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्यातूनच मान्य केलेलं आहे.

आणि यात झोपेचाही हिशोब आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरसाठी दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची चौकट घातली होती. प्रत्यक्षात ती किती पाळली जाते, हे हायवेवरच्या कोणत्याही ढाब्यावर कळतं. रात्रभर गाडी चालवून आलेला माणूस दिवसा फुकटची हमाली करतो आणि संध्याकाळी पुन्हा स्टेअरिंगवर बसतो. ती हमाली त्याच्या झोपेतून वजा होते आणि पहाटे घाटात डुलकी लागते.

म्हणून कामाला लागतानाच चार गोष्टी विचारून घ्या: पगार किती, भत्ता किती, हमाली कोणाकडे आणि हॉल्टिंगचे पैसे किती. उत्तर तोंडी मिळालं तर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा: "शेठ, आज ठरल्याप्रमाणे भत्ता इतका, उतरवायचं काम पार्टीकडे, बरोबर ना?" पुढे वाद झाला तर निदान काय ठरलं होतं ते दाखवता येतं.

मग कोणाला मदत करायचीच नाही का?

करायची. आपल्याकडे एकमेकांच्या मदतीवरच शेती उभी राहिली. पण त्या मदतीचेही नियम होते. आज तुम्ही माझ्या शेतात राबलात, उद्या मी तुमच्या शेतात येणार, ही सावड. आणि सावड फेडायची असते, हे सगळ्यांना पाठ होतं. इर्जिकीत शेजारी आपले बैल घेऊन नांगरायला यायचे, तेव्हा ज्याचं शेत तो सगळ्यांना जेवण घालायचा. फुकट असं काही नव्हतं, फक्त पैशात मोजलं जात नव्हतं.

हाच निकष आजही लावता येतो. ज्या काकांनी गाडीच्या कर्जाला जामीन राहून सही केली, त्यांचं धान्य बाजाराला नेणं ही सावड आहे. ज्या मित्राने रात्री दोनला येऊन पंक्चर काढायला मदत केली, त्याचं घरसामान हलवणं ही सावड आहे. जो फक्त काम पडलं की फोन करतो, त्याच्याशी सावड होत नाही. त्याला भाडं सांगायचं.

मनापासून करायची सेवाही वेगळी. दिंडीचं सामान वाहायला गाडी द्यावी वाटत असेल तर द्यावी. पण वर्षातून किती दिवस देणार हे आधी ठरवून, डिझेलची तजवीज करून आणि माणसं हौद्यात न बसवता.

जीव वाचवण्याच्या वेळी मात्र हे काहीच लागू नाही. रस्त्यात अपघात दिसला तर १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येत नसेल तर जखमीला गाडीत घालून दवाखाना गाठा. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने संरक्षण दिलेलं आहे.

नाही म्हणायचं, पण कसं?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खोटं कारण सांगणं. "गाडी बिघडलीय" म्हणालात आणि तासाभराने तीच गाडी चौकात दिसली, की नातंही गेलं आणि पतही. कारण सांगण्यापेक्षा नियम सांगा. कारणावर वाद घालता येतो, सगळ्यांना सारख्याच लागू असलेल्या नियमावर घालता येत नाही.

माणसं बसवायला सांगितलं तर: "काका, हौद्यात मी कोणालाच बसवत नाही. माझ्या आईलाही नाही. तुम्हाला स्टँडवर सोडायला बाइकवर येतो."

बंद खोकं दिलं तर: "वहिनी, नेतो. फक्त खोकं माझ्यासमोर उघडून बांधा आणि पाठवणाऱ्याचं-घेणाऱ्याचं नाव, नंबर वर लिहा." प्रामाणिक माणूस लगेच उघडतो. जो उघडत नाही, त्याचं खोकं न्यायचं नाही.

घरसामान हलवायचं असेल तर: "मामा, बाहेरच्याला दोन हजार घेतो, तुमच्याकडून तेराशे घेईन. रविवारी सकाळी सातला येतो. भरायला-उतरवायला दोन माणसं तुमची लागतील आणि काच, टीव्ही तुम्ही स्वतः सांभाळायचा." भाडं, वेळ, हमाली आणि तुटफूट, चारही गोष्टी आधीच बोलून झाल्या. फुकट नेलेला फ्रिज आदळला, तर पैसे कोण देणार यावर दोन घरं वर्षभर बोलत नाहीत. भाडं ठरलेलं असलं की निदान बोलण्याला आधार असतो.

मित्र असेल तर: "भावा, हप्ता पाच तारखेला जातो. डिझेल आणि माझा रोज दे, नफा नको."

आणि हे पहिल्या महिन्यातच सांगा. सुरुवातीला जे फुकट केलं, ते पुढे हक्काचं होतं. वर्षभर फुकट नेऊन तेराव्या महिन्यात भाडं मागणारा 'बदलला' म्हणून बदनाम होतो. पहिल्या दिवसापासून भाडं सांगणारा 'व्यवहाराला सरळ' म्हणून ओळखला जातो.

घरच्यांशीही आधी बोला. बऱ्याचदा शब्द तुम्ही दिलेला नसतो, वडिलांनी पारावर बसून दिलेला असतो: "पोरगा नेईल की." त्यांना वरचा १,३५० रुपयांचा हिशोब आणि विम्याची गोष्ट एकदा शांतपणे सांगा. नंतर पारावर तुमची बाजू तेच मांडतील.

आणि तुम्ही ड्रायव्हर नसाल तर?

हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकजण गाडी चालवणारे नसतील, गाडीवाल्याला फोन करणारे असतील. तुमच्या ओळखीत कोणी नुकती गाडी घेतली असेल, तर त्याला सगळ्यात मोठी मदत म्हणजे पहिलं भाडं तुम्ही देणं. सामान उघडं दाखवा, उतरवायला माणसं तयार ठेवा, वेळेत सोडा. घरची पाच माणसं हौद्यात पाठवू नका. तो भिडेपोटी नाही म्हणणार नाही, म्हणून तर ते तुम्हीच मागायचं नाही.

पुढच्या वेळी त्याला फोन लावाल, तेव्हा पहिला प्रश्न एवढाच असू द्या: "भाडं किती होईल?"